एरिथ्रोमायसिन ब्रॉथमध्ये आहे, अर्कात नाही : वारंवार येणाऱ्या अडचणीचे समस्या निवारण

सोलापुरात किण्वनाची छोटी प्रयोगशाळा सांभाळताना एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाविषयीची एकच तक्रार माझ्यासमोर पुनःपुन्हा येते : ब्रॉथमध्ये (जीवाणू वाढवलेल्या द्रवात) औषध दिसते, त्यातून काढलेल्या अर्कात दिसत नाही. ती घेऊन येणाऱ्यांनी बहुतेक वेळा सर्वांत खर्चिक उपाय आधीच ठरवलेला असतो : जीवाणूचा वाण बदलायचा. वाण बदलण्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे जवळजवळ फुकट आहे. पुढील तपासण्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. हे टिपण शेकरवरील (सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावरील) फ्लास्कपासून दोन-चार लिटरच्या किण्वनापर्यंतच्या कामासाठी आहे. कारखान्यातील मोठ्या टाक्यांचे प्रश्न वेगळे असतात.

लक्षणे

• ब्रॉथ गाळून थेट चाचणीचा जीवाणू पेरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) भोकात घातला तर झोन, म्हणजे भोकाभोवतीचे जीवाणू न वाढलेले वर्तुळ, स्वच्छ येतो. त्याच ब्रॉथचा इथिल ॲसिटेट या सॉल्व्हंटने (विद्रावकाने) काढलेला, दहापट आटवलेला अर्क मात्र लहान झोन देतो किंवा काहीच देत नाही.
• अर्क पहिल्या दिवशी काम करतो, आणि फ्रीजमध्ये ठेवूनही आठवड्याभरात निकामी होतो.
• टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करण्याच्या चाचणीच्या) प्लेटवर ठिपक्याऐवजी लांब ओघळ उठतो, किंवा प्रमाणित नमुन्याच्या वर एक अनोळखी ठिपका दिसतो.
• सेपरेटिंग फनेलमध्ये (न मिसळणारे द्रव वेगळे करण्याच्या नरसाळ्यात) दोन थरांच्या मधोमध घट्ट, पांढरट थर अडकून बसतो आणि रात्रभर ठेवला तरी फुटत नाही.
• डिसेंबर-जानेवारीत सुरळीत चाललेले किण्वन एप्रिल-मे महिन्यांत कोसळते.
• ब्रॉथ अचानक पातळ होतो, त्याला वास येतो, किंवा प्लेटवरील वसाहतींवरची पांढरट भुकटी नाहीशी होऊन त्या गुळगुळीत दिसू लागतात.

यांपैकी पहिली तीन लक्षणे एकत्र असतील तर जीवाणू बहुधा निर्दोष आहे. शेवटची दोन लक्षणे असतील तर किण्वनाकडे वळावे लागेल, पण तेव्हासुद्धा पहिल्या दोन तपासण्या वगळू नयेत.

संशय आधी पीएचवर का घ्यायचा

एरिथ्रोमायसिन बनवणारा जीवाणू मूळचा मातीतला. फिलिपिन्समधील इलोइलो येथील मातीचा नमुना डॉ. अबेलार्दो आगिलार यांनी १९४९ साली एली लिली कंपनीकडे पाठवला, त्यातून तो वेगळा करण्यात आला आणि १९५२ मध्ये औषध बाजारात आले. जुन्या पुस्तकांत हा जीवाणू स्ट्रेप्टोमायसिस एरिथ्रियस या नावाने भेटतो. १९८७ पासून तो सॅकॅरोपॉलिस्पोरा एरिथ्रिया आहे. वाण मागवताना दोन्ही नावांनी शोध घ्यावा.

या औषधाचा रेणू आम्ल सोसत नाही. पीएच ६ च्या खाली जाऊ लागताच त्याच्या मोठ्या वलयातील कीटोन गटावर त्याच रेणूमधले हायड्रॉक्सिल गट चढाई करतात, पाणी बाहेर पडते आणि शेवटी ॲनहायड्रोएरिथ्रोमायसिन उरते, ज्याला जीवाणू दाद देत नाहीत. जठरातील आम्लात हे काही मिनिटांत घडते. म्हणूनच एरिथ्रोमायसिन बेसच्या गोळीला जठरात न विरघळणारे आवरण द्यावे लागते, आणि म्हणूनच पुढे रसायनशास्त्रज्ञांनी हा कच्चा दुवा बंद करण्यासाठी दोन वाटा काढल्या : एक हायड्रॉक्सिल गट मिथिल गटाने झाकून क्लॅरिथ्रोमायसिन, आणि कीटोनच काढून टाकून वलयात नायट्रोजन बसवून ॲझिथ्रोमायसिन, जे १९८० मध्ये झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत तयार झाले. ज्या रेणूसाठी औषधउद्योगाला एवढा खटाटोप करावा लागला, तो आपल्या काचेच्या नळीत पीएच ५ वर रात्रभर सुखरूप राहील ही अपेक्षा चुकीची आहे. दुसरीकडे पीएच १० च्या वर फार वेळ राहिला तर वलयाचा लॅक्टोन बंध सुटू लागतो. म्हणजे औषधाला निवांत ठेवायचे तर पीएच ७ ते ८, आणि त्याला पाण्यातून सॉल्व्हंटमध्ये काढायचे तर थोड्या वेळासाठी ९.५ च्या पुढे. बहुतेक प्रकरणांचे मूळ या दोन वाक्यांत सापडते.

तपासणी १ : प्लेट खरे बोलते आहे का

खर्च जवळजवळ शून्य आणि निकाल दुसऱ्या दिवशी, म्हणून हीच पहिली. चाचणीसाठी कोणता जीवाणू वापरला ते पाहावे. एरिथ्रोमायसिन मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅमच्या रंजनात जांभळ्या दिसणाऱ्या) जीवाणूंवर चालते. ग्रॅम-निगेटिव्ह असलेल्या ई. कोलायच्या प्लेटवर झोन येत नाही म्हणून उत्पादन फसले असे मानणारे अहवाल मी वाचले आहेत. उलट त्या प्लेटवर ठळक झोन आला तर तो एरिथ्रोमायसिनचा नसून एखाद्या आम्लाचा किंवा घुसखोर जंतूने केलेल्या पदार्थाचा असण्याची शक्यता अधिक. मायक्रोकॉकस ल्युटिअस या नावाने वर्षानुवर्षे वापरला जाणारा चाचणी-वाण (आता तो कोकुरिया रायझोफिला म्हणून ओळखला जातो) या कामासाठी योग्य आहे.

त्यानंतर अगारचा पीएच. विद्युतभार नसलेला एरिथ्रोमायसिनचा रेणू जीवाणूच्या आत सहज शिरतो, आणि असे रेणू अल्कधर्मी माध्यमात जास्त असतात. त्यामुळे तेवढ्याच औषधाचा झोन पीएच ८ च्या अगारवर मोठा आणि पीएच ६.५ च्या अगारवर लहान येतो. औषधकोशातील पद्धतीत पीएच ८ चे फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) आणि तितकाच अल्कधर्मी अगार सांगितला आहे, तो याच कारणासाठी. ब्रॉथ एका दिवशी ओतलेल्या अगारवर आणि अर्क दुसऱ्या दिवशी ओतलेल्या अगारवर तपासला असेल तर ती तुलना बाद समजावी. आटवलेला अर्क थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवून पीएच ८ च्या बफरने सौम्य करावा, आणि नुसत्या मिथेनॉल-बफरचे एक भोक त्याच प्लेटवर ठेवावे, म्हणजे सॉल्व्हंटने पाडलेला झोन औषधाच्या खात्यावर जमा होणार नाही.

झोनचा व्यास औषधाच्या प्रमाणाबरोबर सरळ वाढत नाही. तो प्रमाणाच्या लॉगरिथमबरोबर वाढतो. औषध दुप्पट झाले तरी व्यासात पुष्कळदा दोन-तीन मिलिमीटरचाच फरक पडतो. ‘झोन २२ वरून १९ वर आला, म्हणजे किरकोळ घट’ असे वहीत लिहिलेले असते तेव्हा प्रत्यक्षात निम्मे औषध गेलेले असू शकते. म्हणून दर वेळी त्याच प्लेटवर प्रमाणित द्रावणाच्या किमान तीन पायऱ्या हव्यात. प्रमाणित नमुना म्हणून औषधाच्या दुकानातील गोळी कुटून वापरू नये : ती बहुधा स्टिअरेट क्षाराची असते, वजनात भरणद्रव्ये असतात, आणि आवरणाचा हिशेब लागत नाही. प्रमाणित एरिथ्रोमायसिन बेसची छोटी कुपी महाग वाटली तरी तिच्याशिवाय पुढची एकही तपासणी अर्थपूर्ण होत नाही.

तपासणी २ : पीएच मीटर

आमच्याकडे येणारी बहुतेक मीटरे पीएच ४ आणि ७ च्या बफरवर जुळवलेली असतात, आणि काम करायचे असते ९.५ वर. मीटर ७ आणि १० च्या बफरवर जुळवावे. पीएच १० चे बफर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू उतरते, त्यामुळे बाटलीचे बूच उघडे टाकलेले किंवा वापरून परत बाटलीत ओतलेले बफर फेकून द्यावे. तापमानाचाही वाटा असतो : २५ अंशांना १०.०१ असलेले बफर ४० अंशांना सुमारे ९.८९ असते, आणि मे महिन्यात दुपारी वातानुकूलन नसलेल्या खोलीत ठेवलेली बाटली ४० अंशांवर असते. बफरच्या बाटलीवर तापमानाचा तक्ता छापलेला असतो, तो वाचावा. इलेक्ट्रोडच्या टोकावर सोयाबीनच्या प्रथिनांचा पिवळसर लेप बसला असेल तर आकडा सावकाश सरकत राहतो, स्थिर होत नाही. हे दिसले की सौम्य आम्लातील पेप्सिनच्या द्रावणात इलेक्ट्रोड बुडवून ठेवून धुवावा. शंका राहिली तर अरुंद पल्ल्याची पीएच पट्टी हा स्वस्त साक्षीदार आहे.

तपासणी ३ : तापमान, वीज आणि हवा

हिवाळ्यात चालणारे काम उन्हाळ्यात बंद पडत असेल तर इथेच थांबून नीट पाहावे. अनेक इनक्युबेटर-शेकरना फक्त तापवता येते, थंड करता येत नाही. सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी पारा ४२-४४ अंशांवर जातो, खोली ३८ वर असते, त्यात मोटारीची उष्णता मिसळते. आणि पडद्यावर मात्र आपण ठरवलेले ३० अंश ठळक अक्षरांत उभे असतात, कारण कित्येक यंत्रे ठरवलेला आकडाच दाखवतात. शेकरमध्ये पाणी भरलेला एक फ्लास्क ठेवून त्यात साधा पारा-थर्मामीटर सोडावा आणि दुपारी तीन वाजता वाचावे. या जीवाणूला ३० ते ३३ अंशांच्या आसपास उत्पादन मानवते. त्याहून बरेच वर गेले तरी तो वाढताना दिसतो, ब्रॉथ दाट होतो, पण औषध कमी निघते. वाढ आणि उत्पादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला पटले नाही तो वाणाला दोष देत राहतो.

विजेचा प्रश्न रात्रीचा असतो. लाइट दहा मिनिटांसाठी जाते, परत येते, आणि काही शेकर आपोआप पुन्हा सुरू होत नाहीत. सकाळी मदतनीस बटण दाबतो आणि नोंद कुठेच होत नाही. मधल्या काळात तंतू तळाशी बसतात आणि प्राणवायू संपतो. एरिथ्रोमायसिनच्या संश्लेषणाला भरपूर प्राणवायू लागतो. उत्पादनाच्या टप्प्यात त्याची अशी तूट पडली की गमावलेले सगळे पुढे भरून निघत नाही. यावर मी एक स्वस्त युक्ती वापरतो : विजेच्या ज्या बोर्डावर शेकर लावला आहे त्याच बोर्डावर विजेवर चालणारे, बॅटरी काढलेले डिजिटल घड्याळ लावून ठेवायचे. वीज जाऊन परत आली की ते शून्यापासून लुकलुकत मोजू लागते आणि सकाळी वीज केव्हा परत आली ते कळते.

हवेविषयी एवढेच : २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटरपेक्षा जास्त माध्यम नको. जास्त औषधाच्या आशेने १५० मिलिलिटर भरलेला फ्लास्क एकूण औषधही कमीच देतो. कापसाचा बोळा फेसाने भिजला असेल तर हवा बंद आणि संसर्गाला वाट मोकळी.

तपासणी ४ : सूक्ष्मदर्शक

एक थेंब, एक ग्रॅम-रंजन, दहा मिनिटे. जांभळे, फांद्या फुटलेले तंतू आणि त्यांचे तुकडे दिसावेत. लाल-गुलाबी दंडगोल जीवाणू दिसले तर ते पाण्यातून आलेले ग्रॅम-निगेटिव्ह घुसखोर आहेत, आणि एरिथ्रोमायसिन त्यांना रोखत नाही. औषध भरपूर बनले आहे म्हणून ब्रॉथ आपोआप सुरक्षित आहे ही समजूत इथे खोटी ठरते. बुरशीचेही तसेच. जांभळे जाड दंडगोल आणि त्यांत चकाकणारे बीजाणू दिसले तर ते बहुधा बॅसिलस. त्यांचा उगम धुळीत आणि त्याहून अधिक वेळा नीट न शिजलेल्या सोयाबीनच्या पिठात असतो. पिठाच्या गुठळीच्या आतपर्यंत ऑटोक्लेव्हची ओली उष्णता वेळेत पोहोचत नाही. पीठ आधी थोड्या पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून, मग माध्यमात मिसळावे, आणि प्रत्येक घाण्यातला एक फ्लास्क जीवाणू न घालता शेकरवर ठेवावा. तो गढूळ झाला तर बाकीच्या फ्लास्कवर वेळ घालवू नये.

टाकीत चार-पाच दिवस साठवलेले पाणी डिस्टिलेशनच्या यंत्राला आणि तिथून माध्यमाला काय देते हे या शहरात वेगळे सांगायला नको. यंत्रात क्षारांचा थर जमला असेल तर तो काढावा आणि डिस्टिल्ड पाण्याचा कॅन दर आठवड्याला रिकामा करून धुवावा.

तपासणी ५ : औषधाचा हिशेब

आतापर्यंत काही सापडले नसेल तर अंदाज थांबवून मोजणी सुरू करावी. गाळलेला ब्रॉथ, सॉल्व्हंटने धुतल्यावर उरलेले पाणी, सॉल्व्हंटचा थर, आणि आटवलेला अर्क या चारही ठिकाणी औषधाची तीव्रता मोजून तिला आकारमानाने गुणावे. समजा, एक लिटर ब्रॉथमध्ये मिलिलिटरला ३०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एकूण ३०० मिलिग्रॅम. उरलेल्या पाण्यात २५० मिलिग्रॅम सापडले तर औषध शाबूत आहे, ते पाण्यातून निघालेच नाही. हा पीएचचा किंवा हलवण्याचा दोष. पाण्यात ३० आणि सॉल्व्हंटमध्ये ५० सापडले, तर बाकीचे २२० वाटेत नष्ट झाले. हा आम्लाचा, उष्णतेचा किंवा वेळेचा दोष. या दोन दोषांचे उपाय वेगळे आहेत, आणि फक्त शेवटच्या अर्काचा झोन पाहणाऱ्याला ते कधीच वेगळे करता येत नाहीत.

याच्याच जोडीला एक कोरी धाव घ्यावी. जीवाणू न घातलेल्या निर्जंतुक माध्यमात प्रमाणित एरिथ्रोमायसिन मिसळून, तेच हात, तीच भांडी, तेच सॉल्व्हंट वापरून सगळ्या पायऱ्या कराव्यात. त्यात औषध परत मिळाले नाही तर दोष शुद्धीकरणात आहे, आणि वाण बदलण्याचा विषय तिथेच संपतो. ते पूर्ण परत मिळाले आणि खऱ्या ब्रॉथमधूनच मिळत नसेल, तर ब्रॉथमधील प्रथिने आणि तेल यांकडे पाहावे. ब्रॉथमध्येच ते अत्यल्प असेल, तर थेट तपासणी ७ वर जावे. अपेक्षाही वास्तव असावी : न सुधारलेला मूळ वाण लिटरमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात औषध देतो, ग्रॅमच्या हिशेबात देणारे वाण उद्योगात अनेक दशकांच्या निवडीतून घडलेले आहेत.

तपासणी ६ : सॉल्व्हंट, फनेल आणि कॉलम

बहुतेक तूट इथे सापडते, म्हणून थोडे सविस्तर.

एरिथ्रोमायसिनच्या साखरेवरील अमिनो गटाचा पीकेए (ज्या पीएचवर निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) सुमारे ८.८ आहे. पीएच ७ वर सॉल्व्हंटमध्ये जाऊ शकणारा, भार नसलेला रेणू जेमतेम दीड-दोन टक्के असतो, ८.८ वर निम्मा, ९.८ वर नव्वद टक्क्यांच्या आसपास. ब्रॉथ पीएच ७.५ वर असताना इथिल ॲसिटेट कितीही वेळा हलवले तरी हात रिकामेच राहणार. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, ढवळत, बर्फात ठेवून घालावा आणि ९.५ ते १० वर पोहोचताच लगेच सॉल्व्हंट घालावे.

आणि इथेच तो सापळा आहे जो मी सर्वाधिक वेळा पाहिला आहे. इथिल ॲसिटेट अल्कधर्मी पाण्याबरोबर हलवले की ते स्वतःच हळूहळू तुटून ॲसिटिक आम्ल सोडते. सुरुवातीला ९.८ मोजलेला पीएच दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यापर्यंत ८.५ च्या खाली आलेला असतो, आणि तो पुन्हा मोजायचे कोणाला सुचत नाही. बाटली जुनी असेल तर आम्ल तिच्यात आधीपासूनच असते; अर्क आटवताना सॉल्व्हंट उडून जाते आणि मागे औषध व आम्ल एकाच भांड्यात उरतात. ‘फ्रीजमध्ये ठेवूनही आठवड्यात निकामी’ या लक्षणाचे हे नेहमीचे कारण. ओल्या पीएच पट्टीवर सॉल्व्हंटचा थेंब टाकून पाहावा. पट्टी लालकडे झुकली तर सॉल्व्हंट सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवून घ्यावे. शक्य असेल तर ब्यूटिल ॲसिटेट वापरावे, ते पाण्यात कमी विरघळते आणि अल्कात जास्त टिकते. प्रत्येक धुण्याआधी पीएच पुन्हा मोजावा. एवढ्या एका सवयीने अडलेली बरीच कामे सुटतात.

मधला पांढरट थर हा प्रथिने, तंतूंचे बारीक तुकडे आणि सोयाबीनचे तेल यांचा असतो. त्यावर जोर लावून हलवणे हा उपाय नव्हे. तेच कारण आहे. ब्रॉथ आधी डायटोमाइट मातीच्या थरातून गाळून लख्ख करून घ्यावा, फनेल झटकण्याऐवजी हलकेच उलटसुलट करावे, थर बसलाच तर मीठ घालावे किंवा सेंट्रिफ्यूज करावे. झिंक सल्फेटने प्रथिने खाली बसवण्याची जुनी रीतही चालते, पण ते पाणी आम्लधर्मी करते, म्हणून सोबत अल्क घालत पीएच ७.५-८ च्या खाली जाऊ देऊ नये. पुढच्या वेळी तेल काढलेले सोयाबीनचे पीठ घेतले तर ही कटकट निम्म्यावर येते.

सॉल्व्हंटमधून परत पीएच ५ च्या बफरमध्ये औषध ओढून घेणे ही शुद्धीकरणाची चांगली पायरी आहे, कारण लालसर रंगद्रव्याचा आणि तेलाचा बराचसा भाग मागे राहतो. तीच सर्वांत धोक्याचीही पायरी आहे. बफर बर्फगार असावे, काम काही मिनिटांत संपावे आणि आम्ल थर लगेच अल्क घालून वर न्यावा. ही पायरी सायंकाळी सुरू करू नये. ‘उरलेले उद्या करू’ म्हणून बाकावर राहिलेल्या फनेलमधून दुसऱ्या दिवशी बरेचसे ॲनहायड्रोएरिथ्रोमायसिन निघते.

सिलिका स्वतः आम्लधर्मी असते. साध्या सिलिका कॉलममध्ये आणि टीएलसीवर एरिथ्रोमायसिन चिकटते, ओघळते आणि काही अंशी मोडते. लक्षणांतील लांब ओघळ हाच. सॉल्व्हंटमध्ये सुमारे एक टक्का ट्रायइथिलअमाइन किंवा थोडा अमोनिया मिसळला की ठिपका गोल होतो. ठिपके पाहण्यासाठी अतिनील दिव्यावर विसंबू नये, कारण या रेणूला दिव्याखाली दिसण्याजोगे शोषण नाही. ॲनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवावे.

आटवताना बाथ ४०-४५ अंशांच्या वर नको. उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी कंडेन्सरमध्ये इतके गरम येते की सॉल्व्हंट द्रवरूप होण्याऐवजी पंपात जाते, निर्वात टिकत नाही, आणि मग कोणीतरी बाथ ६० वर नेतो. बर्फाची बादली आणि कूलरमधला छोटा पंप वापरून कंडेन्सरला थंड पाणी फिरवावे. पंपाची जोडणी आणि प्लग मात्र सॉल्व्हंटपासून दूर ठेवावेत, कारण इथिल ॲसिटेटची वाफ शून्याखालील तापमानालाही पेट घेऊ शकते.

तपासणी ७ : माध्यम आणि वाण

हिशेबाने दोष किण्वनात आहे असे दाखवले तरच इकडे यावे, कारण इथला प्रत्येक प्रयोग आठवडाभर घेतो. माध्यमात तीन गोष्टी पाहाव्यात. ग्लुकोज एकदम भरपूर दिले तर जीवाणू ते खाऊन वाढतो आणि औषध बनवण्याचे काम पुढे ढकलतो. स्टार्च किंवा तेल सावकाश मिळते म्हणून बरे. फॉस्फेट जास्त झाले की उत्पादन दबते, म्हणून पीएच सांभाळण्यासाठी फॉस्फेट बफर न घालता कॅल्शियम कार्बोनेट घालतात. अमोनियम क्षारांचेही तसेच. दुकान बदलले, पिठाची गोणी बदलली की नोंद करावी. शेंगदाण्याची पेंड इथे सहज मिळते आणि चालतेही, पण तिच्यातले तेल प्रत्येक घाण्याला वेगळे असते. या औषधाचे वलय एका प्रोपिओनिल आणि सहा मिथाइलमॅलोनिल घटकांपासून बनते, त्यामुळे थोडे एन-प्रोपेनॉल देऊन उत्पादन वाढवता येते, पण ते जास्त झाल्यास विषारी ठरते. आजारी किण्वनावर हा उपाय करू नये.

वाणाविषयी : तिरप्या अगारवर जीवाणू जपलेल्या एका नळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे वर्षभर चालले की कमी उत्पादन देणाऱ्या, पण वेगाने वाढणाऱ्या पेशी पुढे जातात. प्लेटवर सुट्या वसाहती घेऊन भुकटीदार आणि गुळगुळीत अशा वेगळ्या कराव्यात, प्रत्येकीचा छोटा फ्लास्क लावावा. मूळ साठा २० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवलेला असेल तर सरळ तिथे परत जावे. नसेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहाकडून वाण मागवावा आणि पहिल्याच दिवशी त्याच्या अनेक कुप्या गोठवाव्यात. दाट ब्रॉथ एका रात्रीत पातळ झाला, सूक्ष्मदर्शकाखाली घुसखोर दिसत नाहीत, फक्त फुटलेले तंतू दिसतात, तर जीवाणूभक्षक विषाणूचा संशय घ्यावा. खोली, शेकर, सर्व काच निर्जंतुक होईपर्यंत नवा वाण उघडू नये.

कुठे थांबायचे

ऑटोक्लेव्हचा दाब काट्यावर चढतो पण सुरक्षा झडप उडत नाही, किंवा झाकणाच्या रबरातून वाफ सुटते : त्याच क्षणी वीज बंद करावी आणि अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे, स्वतः झडप खोलू नये. दोन लिटरपेक्षा जास्त सॉल्व्हंट फ्यूम हूडशिवाय (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाशिवाय) आटवायचे असेल तर काम करू नये, ते सोय असलेल्या ठिकाणी न्यावे. जीवाणू मुळात सॅकॅरोपॉलिस्पोरा आहे का अशी शंका असेल तर रंग-रूपावरून वाद न घालता १६ एस आरआरएनए जनुकाची (जीवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाची) क्रमवारी बाहेरून करून घ्यावी. हिशेब जुळतो, झोन येतो, तरी प्रमाणित नमुन्याशी ठिपका जुळत नाही, तेव्हा एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) आणि वस्तुमान वर्णपटमिती हवी. एरिथ्रोमायसिन ए, बी आणि सी हे या औषधाचे जवळचे प्रकार वेगळे ओळखणे झोनच्या आवाक्यातले नाही, आणि २१० नॅनोमीटरच्या आसपास काम करणारा अनुभवी विश्लेषक लागतो. किण्वन-टाकीचे सील गळते, निर्जंतुक हवेचा फिल्टर भिजला आहे, आणि सलग घाणे संसर्गाने जातात, तर उत्पादक कंपनीचा तंत्रज्ञच हवा.

मिळालेली पांढरी भुकटी कितीही शुद्ध दिसली तरी ती माणसाला, जनावराला किंवा कोंबड्यांना देण्यासाठी नाही. शुद्धता, उपघटक आणि जंतूंचे विषारी अंश तपासण्याची सोय आणि परवाना आपल्याकडे नसतो.

उरलेला ब्रॉथ मोरीत ओतू नये. त्यातले थोडेसे औषध गटारातील जीवाणूंना प्रतिकार शिकवायला पुरेसे असते. ज्या दोषाने आतापर्यंत छळले तोच इथे उपयोगी पडतो : टाकाऊ ब्रॉथमध्ये आम्ल घालून पीएच ३ च्या खाली रात्रभर ठेवावा, सकाळी तटस्थ करून मायक्रोकॉकसच्या प्लेटवर त्याचा झोन येत नाही याची खात्री करावी, मग ऑटोक्लेव्ह करावा. गाळलेले तंतू शेणखतात न मिसळता स्वतंत्र पिशवीत निर्जंतुक करून, आणि वापरलेले सॉल्व्हंट झाकणबंद डब्यात नाव-तारीख लिहून, घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्यावे.